शहरांच्या आरोग्याला बक्षीस लावावं का?

कोरडवाहू
शहरांना लोकांचं आरोग्य सुधारण्यासाठी पैसा द्यायचा, पण सरळ द्यायचा नाही, स्पर्धा लावून द्यायचा, अशी एक पद्धत आता जगभर रुजली आहे. प्रस्ताव मागवायचे, परीक्षक बसवायचे, निवडक शहरांना चिमूटभर रक्कम आणि शेवटी एक-दोघांना मोठी. अमेरिकेत २०१६ साली एटना फाउंडेशनने ‘हेल्दिएस्ट सिटीज अँड काउंटीज चॅलेंज’ काढलं. एकूण १५ लाख डॉलर, ५० अंतिम स्पर्धक, प्रत्येकाला सुरुवातीचे १० हजार. एवढ्यात तिथे एक कर्मचारी वर्षभरही ठेवता येत नाही.

माझा आक्षेप साधा आहे. प्रस्ताव लिहिणारा माणूस ज्या पालिकेकडे आहे तीच जिंकते. जिथे आरोग्य अधिकाऱ्याची खुर्चीच रिकामी आहे तिथे अर्ज भरणार कोण? म्हणजे आजार एका शहरात आणि औषध दुसऱ्याच.

भारताच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दोन्ही वाटा धरल्या. स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी, त्यातले २६,१२३ कोटी शहरी. शिवाय दहा लाखांवरच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी १२,१३९ कोटी, पण हे कामगिरी बघून. मला पहिली वाट पटते: लोकसंख्या बघा, आजारांचा भार बघा, पैसा द्या, खर्च तपासा. शर्यत कशाला?

फाइलवाली
एका पालिकेच्या लेखा विभागात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून बोलते. अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा याची अट नसलेला पैसा आला की त्याची पहिली उडी ठेकेदाराच्या थकीत बिलांवर पडते. आरोग्याचा नंबर येईपर्यंत मार्च उजाडतो. मग पैसा खर्च झाल्याच्या दाखल्यासाठी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रासाठी धावपळ, आणि दवाखान्यात औषधांऐवजी कपाटं येतात. कपाटांचं बिल लगेच निघतं ना!

स्पर्धेचा खरा फायदा पैशात नसतोच. आम्ही एकदा असा प्रस्ताव केला होता. अट अशी की आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण आणि उद्यान अशा चार खात्यांच्या सह्या हव्यात. पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि आरोग्य अधिकारी एका टेबलाशी बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एकाने जुलाबाचे रुग्ण कुठल्या गल्ल्यांतून येतात ते नकाशावर मांडलं, दुसऱ्याने जलवाहिन्या किती जुन्या आहेत ते. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले तर ठिपके एकाच जुन्या वाहिनीच्या कडेने! बक्षीस काही मिळालं नाही. वाहिनी मात्र पुढच्या वर्षी आमच्याच अंदाजपत्रकातून बदलली.

कोरडवाहू
म्हणजे न जिंकताच काम झालं. मग बक्षीस हवं होतं कशाला?

फाइलवाली
ते नसतं तर बैठकीला कुणी फिरकलं नसतं. पाहुणे बघायला येणार म्हणून घराला रंग लागतो. स्थळ जमलं नाही म्हणून रंग कुणी खरवडून काढत नाही.

मोजपट्टी
रंगाचा दाखला झकास आहे, पण रंगच लावला जातो हीच अडचण. भिंतीतली ओल तशीच.

हवेचं बघा. ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ २०१९ मध्ये सुरू झाला. शहरांची कामगिरी मुख्यतः पीएम १० या जाड धुळीवर जोखली गेली. फुप्फुसात खोल शिरतात ते पीएम २.५ चे बारीक कण. ते धूर, वाहनं, कारखाने यांतून मोठ्या प्रमाणात येतात आणि त्यांना हात घालायचा तर कुणाचा तरी रोष पत्करावा लागतो. धुळीला कुणी वाली नाही. मग काय होणार? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा खर्चातला ६४ टक्के पैसा रस्त्यांच्या धुळीवर गेलेला दिसला: फरसबंदी, खड्डे, पाणी फवारणं, झाडू मारणारी यंत्रं. उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही. यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. जे मोजलं जाणार होतं ते शहरांनी केलं.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये हेच पतधोरणाबद्दल सांगितलं होतं. एखाद्या आकड्याला लक्ष्य केलं की तो आकडा परिस्थिती सांगेनासा होतो. इंग्लंडमध्ये २०१४-१५ च्या सुमाराला स्थानिक परिषदांसाठी ‘हेल्थ प्रीमियम’ नावाची बक्षीस योजना आजमावली. त्यात देशभरासाठी एक निकष होता, व्यसनमुक्ती उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण. आता विचार करा, हे प्रमाण वाढवायची सगळ्यात सोपी युक्ती कोणती? ज्याचं व्यसन हाताबाहेर गेलंय त्याला दारातच उभं करायचं नाही. कुणी तसं केलं असं माझं म्हणणं नाही. निकष मात्र त्या दिशेला बोट दाखवतो.

सायकलस्वार
मोजमाप वाईट निवडलं म्हणून मोजूच नये, हे काही पटत नाही. पीएम २.५ वर मार्क द्या, शहरं आपोआप धुराकडे वळतील.

आणि सगळीच कामं पैशांची नसतात. ‘पार्टनरशिप फॉर हेल्दी सिटीज’ २०१७ पासून चालू आहे, ब्लूमबर्गची संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांची. सत्तरच्या वर शहरं. प्रत्येकाने ठरलेल्या यादीतून एकच उपाय उचलायचा: तंबाखू, मीठ, हेल्मेट, वेगमर्यादा वगैरे. रक्कम महानगराच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही. २०२३ मध्ये अथेन्स, बंगळुरू, मेक्सिको सिटी, माँटेव्हिडिओ आणि व्हँकुव्हर यांना पुरस्कार मिळाले. धूम्रपानबंदी नीट राबवायला फार पैसा लागत नाही, धमक लागते. नगरसेवक दुकानदारांना सांगू शकतो, ‘माझ्या हातात काही नाही हो, वरून अट आहे.’ हे निमित्त फार कामाचं असतं.

कोरडवाहू
निमित्तासाठीच हवं असेल तर युरोपचं उदाहरण घ्या. तिथलं आरोग्यदायी शहरांचं जाळं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्याच पुढाकाराने. तिथे शहरं बक्षीस घेत नाहीत, उलट दरवर्षी सदस्यत्वाची वर्गणी भरतात! तरी टिकून आहेत.

माझी खरी भीती वेगळी आहे आणि तिला कुणी हात लावत नाही. स्पर्धा चमकत राहते आणि मूळ पैसा आटत जातो. इंग्लंडने २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचं काम स्थानिक परिषदांकडे दिलं, सोबत फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेलं अनुदान. चांगली रचना. पण २०१५-१६ नंतरच्या वर्षांत महागाई वजा करता दरडोई रक्कम सुमारे पाव हिश्शाने घटली. गाजावाजा कशाचा होतो? पुरस्काराचा. अनुदान कापलं गेल्याची बातमी आतल्या पानावर.

फाइलवाली
हे मात्र शंभर टक्के खरं, आणि कापाकापी फक्त वरून होत नाही. आमच्याकडे आरोग्यासाठी बाहेरचा निधी आला, त्याच वर्षी आमच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षावरची तरतूद गुपचूप घटली. बेरीज तेवढीच! म्हणून अट एकच घालावी, पण कडक: गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या खिशातून जेवढा खर्च केला त्याच्या खाली आलात तर पुढचा हप्ता बंद. अटींची बाकीची चाळीस पानं फाडून टाका.

पट्टीबंध
मी परिचारिका आहे. वरची चर्चा वाचून एवढंच विचारते की हे पैसे किती दिवसांसाठी असतात? आमच्या भागात अशाच एका प्रकल्पातून घरोघरी रक्तदाब तपासायला चार जणी कंत्राटावर घेतल्या. पहिले सहा महिने लोक दार लावून घेत. विश्वास बसला, औषधं नियमित झाली, आणि १८ व्या महिन्यात प्रकल्प संपला. अहवाल छान छापला होता, गुळगुळीत कागदावर. रक्तदाब काही १८ महिन्यांत बरा होत नाही. नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. पाच वर्षांची हमी नसेल तर सुरूच करू नका, पुढच्या वेळी लोक दार उघडणार नाहीत.

मोजपट्टी
पट्टीबंध यांचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे. निकष चुकला तर बदलता येतो. उडालेला विश्वास कुठल्या रकान्यात भरायचा?

सायकलस्वार
ठीक. मग असं करा. पहिला टप्पा शर्यतीविना: क्षमता कमी असलेल्या शहरांना प्रस्ताव तयार करायला माणूस आणि थोडा पैसा. दुसऱ्या टप्प्यात स्पर्धा, निवडलेल्यांना पाच वर्षांचा निधी आणि फाइलवालींची ती अट.

कोरडवाहू
पहिला टप्पा मान्य. दुसऱ्यावर अजून भांडेन, कारण हरलेल्या शहरातलेही लोक आजारी पडतातच. आणि ‘क्षमता कमी’ हे ठरवणार कसं? त्यासाठीही एक अर्ज असेलच. तो कोण भरणार?

फाइलवाली
पाठवा इकडे. निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.