मदत हवी आहे: मिक्सर लावला की लॅनवरचं नेट झोपतं, लाइटच्या वायरींमुळे होतंय का?

त्रस्त_ठाणेकर
नमस्कार मंडळी. घरून काम असल्यामुळे हॉलमधल्या राउटरपासून बेडरूमपर्यंत लॅनची केबल टाकून घेतली. भिंत फोडायची नव्हती, म्हणून वायरमनने लाइटच्याच पाइपातून ओढून दिली. आता किचनमध्ये मिक्सर सुरू झाला की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो आणि थोड्या वेळात मी बाहेर फेकला जातो. मिक्सर बंद झाला की सगळं सुरळीत. शेजारच्या लाइटच्या वायरींमुळेच ना? यावर काही फिल्टर मिळतो का? सोमवारी क्लायंटला डेमो आहे, प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा
केबल कुठली? लांबी किती? स्पीड किती येतो?

त्रस्त_ठाणेकर
नेटची साधी केबल आहे, निळी.

कोकणकडा
निळी हा रंग झाला हो. केबलवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा.

टू_व्हीलरवाला
२.४ गिगाहर्ट्झ बंद करून ५ वर जा. आमच्याकडे मायक्रोवेव्ह लावला की असंच व्हायचं. चॅनल बदलला, प्रश्न संपला.

कोकणकडा
दादा, ते वायफायचं. इथे केबलचं चाललंय.

निवृत्त_विद्युत
इंटरफिअरन्सचं नंतर बघा. २३० व्होल्टच्या पाइपात लॅनची केबल घालू दिलीच कशी तुम्ही? ओढताना जुन्या वायरीचं इन्सुलेशन कुठे खरवडलं असेल तर तो करंट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येईल. लॅनच्या केबलचं आवरण मेनच्या व्होल्टेजसाठी बनवलेलं नसतं. लाइटची वायर आणि सिग्नलची वायर वेगवेगळ्या पाइपातच हवी. ती केबल आजच काढा.

गिगाबिट_गणू
काका, एवढं घाबरवू नका. लॅनच्या पोर्टमागे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, तो केबल आणि आतलं सर्किट विजेने वेगळं ठेवतो; १५०० व्होल्ट सहन करायची अट स्टँडर्डमध्येच आहे.

निवृत्त_विद्युत
पोर्ट वाचेल. जॅक हातात धरून खोचणाऱ्या माणसाच्या बोटात कुठला ट्रान्सफॉर्मर असतो?

शिल्डवाला
सरळ शिल्डेड, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली, कॅट सेव्हन केबल घ्या. मी पूर्ण बंगल्यात तीच टाकली, एकदाही त्रास नाही.

गिगाबिट_गणू
शिल्डला अर्थिंग दिलंय का? प्लॅस्टिकचा जॅक लावला असेल तर ती शिल्ड नुसतीच केबलला गुंडाळलेली आहे. आणि दोन्ही टोकांना अर्थ देऊन मध्ये फरक असला तर शिल्डमधूनच करंट वाहायला लागतो. फ्लॅटमधल्या अंतराला साधी यूटीपी, म्हणजे शिल्ड नसलेली केबल पुरते. तिच्यात दोन-दोन तारा पिळून चार जोड्या केलेल्या असतात. जोडीतल्या दोन तारांवर सिग्नल उलटसुलट जातो. बाहेरची गडबड पीळ असल्यामुळे दोघींवर जवळपास सारखीच बसते आणि रिसीव्हर फक्त फरक मोजतो, त्यामुळे ती वजा होते. शिवाय मेन ५० हर्ट्झची, तुमचा सिग्नल मेगाहर्ट्झमध्ये. नुसती वायर शेजारी आहे म्हणून नेट पडत नाही.

शिल्डवाला
मग मिक्सरने पडतं कसं? पुस्तकातलं सांगू नका.

गिगाबिट_गणू
मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात. तो गोंगाट ५० हर्ट्झपुरता नसतो, थेट मेगाहर्ट्झपर्यंत जातो. फ्रिजच्या मोटरीला ब्रश नसतात. धागाकर्ते, फ्रिज चालू-बंद होताना काही होतं का?

त्रस्त_ठाणेकर
नाही, फ्रिजने नाही. मिक्सर आणि ड्रिल मशीन. केबलवर कॅट सिक्स लिहिलंय. अंतर असेल पंधरा-वीस मीटर. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, हॉलमध्ये वायफायवर १८० मिळतात, केबलवर ९४ च्या वर जात नाही. पण स्पीडचा प्रश्नच नाही, मला मिक्सरचं उत्तर हवंय.

कोकणकडा
९४ आधी सांगायचं ना राव! तुमचं लिंक १०० वर बसलंय, १०० मधून हातात ९४-९५ च येतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच: पिन १-२ आणि ३-६. म्हणजे तारा कुठेतरी चुकल्यात. जॅकचा फोटो टाका, दोन्ही टोकांचा.

त्रस्त_ठाणेकर
वायरमनने टेस्टर लावून दाखवलं होतं, आठही दिवे ओळीने लागले. तिथे काही गडबड नाही. तरी फोटो टाकतो.

डबलिनची_मावशी
यावरून आठवलं. वेल्समध्ये अबेरहोसान नावाचं गाव आहे. तिथलं इंटरनेट दीड वर्ष रोज सकाळी सातला कोसळायचं. केबल बदलूनही फरक पडेना. शेवटी इंजिनिअर रेडिओचा गोंगाट मोजायचं यंत्र घेऊन पहाटे गावात फिरले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. सातला तो लावला की गावाचं ब्रॉडबँड बंद! २०२० मध्ये बातमी आली होती.

निवृत्त_विद्युत
छान किस्सा. पण ती तांब्याची टेलिफोन लाइन, गावभर उघड्यावर पसरलेली. इथे केबल एका पाइपात मेनला चिकटून आहे.

इडलीप्रेमी
पॉवरलाइन अडॅप्टर घ्या की. लाइटच्या वायरीतूनच नेट येतं, केबलच नको.

कोकणकडा
म्हणजे मिक्सरच्या वायरीतच नेट बसवायचं? धन्य.

गिगाबिट_गणू
फोटो पाहिला. सापडलं.
तुमच्या जॅकमध्ये क्रम असा दिसतोय: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दिसायला सुंदर. दोन्ही टोकांना सारखाच, म्हणून टेस्टरचे आठही दिवे लागतात. तो टेस्टर तार इकडून तिकडे पोचते की नाही एवढंच बघतो, कोण कोणाबरोबर पिळलंय ते त्याला कळत नाही.
आता पिन ३ आणि ६ बघा. त्यांनी एक जोडी असायला हवं, पण ३ वर हिरवी-पांढरी आहे आणि ६ वर निळी. दोघी वेगवेगळ्या पिळातल्या. गडबड दोघींवर सारखी बसतच नाही, मग वजा काय होणार? याला स्प्लिट पेअर म्हणतात. एरवी चालून जातं, मिक्सर लागला की पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायला लागतात. गिगाबिट जमलं नाही की लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड आपण होऊन १०० वर उतरतं, ते तुमचे ९४.
बरोबर क्रम: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जॅकजवळ पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका.

शिल्डवाला
शिल्डेड असती तर हे झालंच नसतं.

कोकणकडा
शिल्डेडलासुद्धा हाच वायरमन जॅक मारणार होता.

नाशिकचा_नाना
माझ्या सीसीटीव्हीवर आडव्या लाटा सरकतात, तेही यामुळेच का? कॅमेरा गेटवर आहे.

निवृत्त_विद्युत
नाना, नवा धागा काढा. पण गेटवरचा अॅडॅप्टर आणि डीव्हीआर वेगवेगळ्या अर्थवर असतील, तिथून सुरुवात करा.

त्रस्त_ठाणेकर
खालच्या दुकानातल्या मुलाला बोलावून दोन्ही जॅक कापून नवे मारून घेतले. लॅपटॉप आता १ गिगाबिट दाखवतोय, स्पीड १९० च्या पुढे. मिक्सर चालू ठेवून बायकोला व्हिडिओ कॉल लावला, आवाज एकदाही तुटला नाही. ड्रिल लावल्यावर मात्र मध्येच किंचित अडकतंय. गणूभाऊ, आभारी आहे. केबल वेगळ्या पाइपात न्यायचं दिवाळीच्या रंगकामात बघतो.

निवृत्त_विद्युत
रंगकाम कशाला हवंय? फरशीलगत स्कर्टिंगच्या वर पीव्हीसीची पट्टी मारा, अर्ध्या दिवसाचं काम. लाइटची वायर आडवी आली तर काटकोनात ओलांडा, शेजारून लांबवर नेऊ नका. आणि जुनी केबल पाइपातून खेचायच्या आधी त्या सर्किटचा एमसीबी खाली करा, नुसता स्विच नाही.

त्रस्त_ठाणेकर
पट्टी अर्ध्या इंचाची पुरेल की पाऊण घेऊ? पुढे टीव्हीसाठी अजून एक केबल टाकायची आहे.

कोकणकडा
पाऊण. आणि केबल घेताना ब्लेडने तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा.