कुत्र्याला गिब्सोनी (गोचिडातून येणारा, लाल पेशींत वाढणारा परजीवी), प्लेटलेट २२ हजार, पण रक्त कुठूनच येत नाही. पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) कसं वाचायचं?

रानवारा
लॅब्राडोर, ४ वर्षं, २८ किलो. पीसीआरवर बबेसिया गिब्सोनी, एर्लिकिया (गोचिडातूनच येणारा जिवाणू) निगेटिव्ह. पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा टक्का) १९, प्लेटलेट २२ हजार. हिरड्या फिकट, पण पोटावर लाल ठिपके नाहीत, घोळणा फुटलेला नाही, शी काळी नाही. माणसांच्या लॅबमधून पीटी १२ सेकंद, एपीटीटी २८. रिपोर्टवर दोन्ही 'नॉर्मल'. रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक आणि व्हिटॅमिन के सुरू करू का? मालक प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागलेत.

काचपट्टी
आधी २२ हजार खरे आहेत का ते बघा. गुठळ्या झाल्या असतील किंवा प्लेटलेट मोठ्या असतील तर यंत्र कमी आकडा देतं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेल्या ताज्या रक्ताचा स्मिअर (काचेवर पातळ थर) काढा आणि पिसासारख्या कडेला गुठळ्या शोधा. नसतील तर पेशी एका थरात पसरलेल्या जागी ऑइल इमर्शनखाली १० फील्ड मोजून सरासरीला १५ हजारांनी गुणा. फील्डला एक-दोन दिसल्या तर तुमचा आकडा बरोबर.

सायट्रेट
तो 'नॉर्मल' शब्द आधी खोडा. तो माणसाच्या रेंजवर छापलाय. कुत्र्याचं रक्त आपल्यापेक्षा लवकर गोठतं: रीएजंटप्रमाणे (चाचणीच्या रसायनाप्रमाणे) फरक पडतो, पण पीटी साधारण ६ ते १० सेकंद आणि एपीटीटी १० ते १७. त्या हिशेबाने तुमचे दोन्ही आकडे लांबलेले दिसतात, पण खात्री करा. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर एका निरोगी कुत्र्याचा नमुना लावा. त्याच्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त आलं तरच लांबलं म्हणा.
आणि निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली होती का? त्यात ३.२ टक्के सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) एक भाग, रक्त नऊ भाग. कमी भरली की सायट्रेट जादा होतं, कॅल्शियम बांधून टाकतं आणि वेळ खोटाच लांबतो. रक्त हेपरिन लावलेल्या कॅथेटरमधून घेऊ नका. प्लेटलेट इतक्या खाली असताना मानेची शीरही नको. पायाची घ्या आणि नंतर ५ मिनिटं दाबून धरा.

रानवारा
ट्यूब अर्धीच भरली होती. पुन्हा केलं: पीटी ८.५, एपीटीटी १५; कंट्रोल (निरोगी कुत्रा) ८ आणि १४. फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) ५१० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. स्मिअरवर फील्डला दोनच, गुठळ्या नाहीत.

प्लीहा
मग चित्र स्पष्ट आहे. बबेसियात प्लेटलेट प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात मरतात, प्लीहेत अडकतात, वापरल्या जातात. पण दाहामुळे फायब्रिनोजेन चढतं, त्यामुळे गुठळी घट्ट बनते. म्हणून आकडा भीतीदायक असूनही बबेसियात आपोआप रक्त येणं विरळा. आलंच तर एर्लिकिया पुन्हा शोधा. तिथे उरलेल्या प्लेटलेटही नीट चिकटत नाहीत.
ट्रॅनेक्झॅमिक नको. या आजाराचा कल रक्त वाहण्यापेक्षा नको तिथे गोठण्याकडे असतो, आणि ते औषध गुठळी विरघळूच देत नाही. व्हिटॅमिन केचा उपयोग उंदराचं विष किंवा पित्त अडकणं अशा ठिकाणी. इथे पीटी ठीक असताना कशाला? मेलोक्सिकॅम, ॲस्पिरिन बंद.
डीआयसीवर (अंगभर नको तिथे गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक संपत जाणं) लक्ष ठेवा. प्लेटलेट, पीटी-एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर, अँटिथ्रॉम्बिन, स्मिअरवरच्या तुटक्या लाल पेशी यांतलं तीन बिघडलं तर संशय घ्या. आज ५१० असलेलं फायब्रिनोजेन दोन दिवसांत २०० वर आलं, तर रिपोर्ट त्याला नॉर्मल म्हणेल. तुम्ही म्हणू नका, ते खर्ची पडतंय.

काचपट्टी
उपचार परजीवीवरच: ॲटोव्हाक्वोन १३.३ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून ३ वेळा, तूप-लोण्यासारख्या स्निग्ध खाण्याबरोबर (नाहीतर नीट शोषलं जात नाही), आणि ॲझिथ्रोमायसिन १० मिग्रॅ प्रति किलो दिवसातून एकदा; दोन्ही १० दिवस. ॲटोव्हाक्वोनमध्ये प्रोग्वानिल मिसळलेली गोळी दिलीत तर उलट्यांची तयारी ठेवा. इमिडोकार्ब गिब्सोनीला पुरत नाही, ते बबेसिया व्होगेली या दुसऱ्या जातीसाठी.
रक्त द्यायचं ते पीसीव्ही, नाडी आणि धाप बघून, प्लेटलेटसाठी नाही. दिलेल्या प्लेटलेट फार टिकत नाहीत. रक्तदाता गिब्सोनी पीसीआर-निगेटिव्हच हवा. मालकांना एवढंच सांगा: काळी शी, हिरडीवर ठिपके किंवा अचानक धाप दिसली तर रात्रीही आणा.