तळ्यातल्या जिताड्याला गाबोळी का सापडत नाही?

प्रश्न : खारेपाटवासी

आमचे गाव अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात आहे. उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी भरतीबरोबर आलेली जिताड्याची पिल्ले पावसाळ्यात धरायची आणि घरामागच्या तळ्यात तीन-चार वर्षे वाढवायची, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. गेल्या चार वर्षांत तळ्यातून काढलेला प्रत्येक जिताडा साफ करताना मी मुद्दाम पोट पाहिले. दोन ते साडेतीन किलोंच्या त्या माशांपैकी एकातही गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, नव्हती. कण्याखाली दोन चपट्या, फिकट पट्ट्या तेवढ्या दिसल्या. याउलट मागच्या आषाढात शेजाऱ्यांनी खाडीच्या मुखाशी धरलेल्या नऊ किलोंच्या जिताड्यातून दोन्ही ओंजळी भरतील एवढी गाबोळी निघाली. वडील म्हणतात, तळ्यातला जिताडा नरच असतो. काही मासे आयुष्यात लिंग बदलतात असे मी वाचले आहे. जिताडा त्यांपैकी आहे काय? असल्यास हा बदल शरीरात कोणत्या संप्रेरकामुळे होतो, आणि तो औषधाने घडवता येतो काय?

उत्तर : मत्स्यजीवशास्त्राची शिक्षिका

आपल्या वडिलांचे निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्याचे कारण तळे नसून माशाचे वय आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मादी होतो. पापुआ न्यू गिनीतील माशांचा अभ्यास करून मूर यांनी 1979 मध्ये हे सविस्तर मांडले आणि पुढे ऑस्ट्रेलियात डेव्हिस यांच्या कामाने त्याला दुजोरा मिळाला. तिकडचे मासे साधारणपणे तीन ते पाच वर्षांचे असताना नर म्हणून प्रजनन करतात, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मादी होतात आणि मीटरभराहून लांब मासे बहुतेक माद्याच असतात. थेट मादी म्हणूनच वाढलेले जिताडेही आढळले आहेत, पण ते थोडे. आपण तीन-चार वर्षांतच मासा काढता, म्हणजे मादी होण्याची वेळ येण्यापूर्वीच तो ताटात येतो.

गाबोळी न सापडण्याचे दुसरे कारण पाण्याचे. जिताड्याची अंडी आणि शुक्राणू यांना समुद्राइतके खारे पाणी लागते, म्हणून नदीत वाढलेला मासा प्रजननासाठी खाडीच्या मुखाकडे उतरतो. गोड्या तळ्यात जननग्रंथी पूर्ण पिकत नाही. त्यामुळे एखादा मासा तळ्यात आठ वर्षे राहिला, तरी त्याच्या पोटी भरलेली गाबोळी मिळेलच असे नाही. केवळ गाबोळी नाही म्हणून तो नर, असे अनुमान काढू नये. आपण पाहिलेल्या त्या फिकट पट्ट्या मात्र त्या वयात वृषणाच्याच असाव्यात.

आता संप्रेरकांकडे वळू. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला संदेश देतो आणि पीयूष ग्रंथीची संप्रेरके जननग्रंथीला कामाला लावतात. तेथे कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने टेस्टोस्टेरॉन तयार होते, आणि खरा फाटा येथे फुटतो. अ‍ॅरोमॅटेझ हे विकर (एन्झाइम) असेल तर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिऑल हे मादीचे संप्रेरक होते आणि ग्रंथी अंडाशयाच्या वाटेने जाते. दुसऱ्या विकरांनी ते 11-कीटोटेस्टोस्टेरॉनकडे वळवले तर ती वृषण म्हणून काम करते. माशांमध्ये नराचे प्रमुख संप्रेरक हेच आहे, हे मुद्दाम सांगते, कारण पाठ्यपुस्तकांत बहुधा टेस्टोस्टेरॉनचेच नाव वाचायला मिळते. अ‍ॅरोमॅटेझचे जनुक आणि वृषण टिकवणारे डीएमआरटी-1 हे जनुक यांच्यावरील मिथाइलच्या रासायनिक खुणा जिताड्याच्या वृषणात आणि अंडाशयात वेगवेगळ्या आढळतात. डीएनएचा मजकूर तोच राहतो, त्यातले काय वाचायचे ते बदलते.

उत्तर : प्रवाळभित्तींवर काम करणारा

वरील उत्तराला एक जोड देतो, कारण आपण वाचलेले मासे बहुधा वेगळ्या प्रकारचे असावेत. जिताड्यात वय आणि आकार निर्णायक ठरतात, तर प्रवाळातील अनेक माशांत शेजारी कोण आहे, यावर लिंग ठरते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील हेरॉन बेटाजवळ रॉबर्टसन यांनी इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन सफाई करणाऱ्या रॅस माशांचे निरीक्षण करून 1972 मध्ये लिहिले, की गटातील एकमेव नर नाहीसा झाल्यावर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन-अडीच आठवड्यांत शुक्राणू सोडू शकते. क्लाऊनफिशमध्ये याच्या उलट घडते. मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो आणि पुढचा लहान मासा नराची जागा घेतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याच्या रॅसचे उदाहरण. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांनाही मोठा नर दूर होताच नराचे वर्तन सुचते. म्हणजे बदलाची सुरुवात मेंदूत होते आणि ग्रंथी मागाहून येते. या साखळीत ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल याचाही हात असावा असे संशोधकांना वाटते, कारण कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारे एक विकरच 11-कीटोटेस्टोस्टेरॉनही तयार करते. ओकिनावातील एक इवलासा गोबी मासा तर नर-मादी असा दोन्ही दिशांनी जाऊ-येऊ शकतो. जिताड्याचा प्रवास मात्र एकाच दिशेचा आहे.

खारेपाटवासी

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवले. आता त्यांचा प्रश्न असा, की मोठे मासे खाडीतून सतत धरले तर माद्याच संपतील काय? आणि औषधाचा प्रश्न राहिलाच.

उत्तर : मत्स्यबीज केंद्रात काम केलेला

वडिलांची शंका अगदी रास्त आहे. मोठा जिताडा म्हणजे जवळजवळ हमखास मादी, आणि मोठ्या मादीच्या पोटातील अंडी कोटींच्या घरात जातात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात 58 सेंटीमीटरहून लहान आणि 120 सेंटीमीटरहून मोठा जिताडा ठेवू देत नाहीत, त्यातल्या वरच्या मर्यादेमागे हेच कारण आहे. हेकरूच्या (ग्रूपर माशाच्या) बाबतीत गणित उलटे होते. तो आधी मादी आणि नंतर नर असल्यामुळे मोठे मासे उचलले की नरांचा तुटवडा पडतो.

औषधाबद्दल सांगायचे तर, इस्ट्रॅडिऑल देऊन जिताड्याला मुदतीआधी मादी करता येते, तसेच हेकरूला मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरकाचे कृत्रिम रूप देऊन नर करतात, परंतु हे काम बीज केंद्रातील पैदाशीच्या माशांपुरतेच ठेवावे. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांच्या तळ्यात अशी स्टेरॉइड संप्रेरके टाकणे सर्वस्वी चूक आहे. बीज केंद्रात दिले जाणारे एलएचआरएच-ए हे इंजेक्शन, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या संदेश-संप्रेरकाची कृत्रिम नक्कल, वेगळे. ते लिंग बदलत नाही, तर पिकलेल्या मादीला अंडी सोडण्यास प्रवृत्त करते. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने जिताड्याची पैदास याच मार्गाने साधली.

आपणास प्रत्यक्ष बदल पाहण्याची इच्छा असेल, तर हंगाम संपताना, नारळी पौर्णिमेनंतरच्या एक-दोन महिन्यांत खाडीत मिळालेल्या सत्तर ते नव्वद सेंटीमीटरच्या माशांच्या जननग्रंथी तपासा. प्रजनन आटोपल्यावर वृषण झिजते आणि त्याच जागी अंडाशयाची ऊती वाढू लागते, पण ती अवस्था थोडे दिवस टिकते आणि नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही. ग्रंथीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवून जवळच्या मत्स्य महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास द्या. फॉर्मालिनची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून हे काम उघड्यावर आणि हातमोजे घालून करा. माशाची लांबी, वजन, तारीख आणि जागा बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, कारण शाई विरघळून जाते.