मदत हवी आहे : कोरियन 'दाल्था' आणि आपलं 'झिजणं'

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी देखभालीच्या नोंदी कोरियनमधून मराठीत आणि मराठीतून कोरियनमध्ये करून देते. तोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी झालीय, चौथीची तयारी चालू आहे. सध्या 'दाल्था', म्हणजे 'झिजणं', या एका क्रियापदाशी अडलेय.

गेल्या आठवड्यात कोरियन इंजिनिअर साहेबांनी मशीनचा पट्टा हातात घेतला, दाते गुळगुळीत झालेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दा दारान्ने." मला माहीत होतं ते 'दारायो', म्हणजे 'गोड आहे'. काही कळेना. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा कळलं की 'पार झिजलाय' असं म्हणत होते. या धातूच्या शेवटी 'ल' आणि 'ह' जोडीने लिहितात. पुढे त किंवा क आला की तो 'ह' त्यात मिसळतो, म्हणून दाल्था, दाल्खो. स्वर आला की 'ह' गळतो, 'ल' कानाला 'र' लागतो, उरतं 'दारा'. त्यामुळे 'झिजलेले बूट' आणि 'दुसरे बूट' दोन्ही कानाला 'दारन शिनबाल'च. संदर्भानेच ओळखायचं.

जुनाट घराला किंवा कपड्याला 'नाक्ता' म्हणतात आणि कापड विरलं की 'हेजिदा', हे समजलं. घासून घासून कमी होतं ते दाल्था: बुटाची टाच, टायर, पेन्सिल. फोनची बॅटरीसुद्धा दाल्था होते, आपली उतरते. कामाच्या अहवालात मात्र 'मामो' हा चिनी मुळाचा शब्द येतो, तो आपल्या 'झीज'सारखा वाटतो. बरोबर ना?

उंबरठा त्यांच्याकडेही झिजतो! 'मुन्जिबांगी दाल्थोरोक' म्हणजे उंबरठा झिजेल इतक्या वेळा येणं-जाणं. आपल्या 'उंबरठे झिजवले'मध्ये जी लाचारी आहे ती त्यात असायलाच हवी असं नाही, कोणी आवडीनेही जात असेल. त्यांच्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत पेक्तू पर्वत झिजेपर्यंत देश टिको, अशी प्रार्थना आहे, तिथेही हेच क्रियापद. ते वाचून मला फार छान वाटलं.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या लाइनवरचे एक काका या महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. निरोपाच्या भाषणात वाक्य आहे, "काका या कारखान्यासाठी चंदनासारखे झिजले." कोरियन पाहुण्यांसमोर त्याचा अनुवाद मला वाचायचाय. पण माणसाला 'दाल्खो दारन साराम' म्हटलं तर अर्थ होतो बारा गावचं पाणी प्यालेला, निरागसपणा संपलेला, बेरकी. काकांसारख्या सरळ माणसाला तो शब्द चुकूनही लागता कामा नये.

कोशात 'हन्शिन्हादा' मिळाला, म्हणजे समर्पण करणे. अर्थ चुकत नाही, पण तो सूचना फलकावरचा वाटतो. पस्तीस वर्षं रोज सकाळी सहाला येऊन मशीन पुसणारे हात त्यात दिसत नाहीत. 'मोम पाचिदा', म्हणजे अंग वाहून देणे, निरोपाच्या भाषणात चालेल का? की फार जड होईल? आणि चंदनाची उपमा तशीच ठेवून, उगाळल्यावर सुगंध येतो हे एका वाक्यात वेगळं सांगितलं तर त्यांना पोचेल का? कोरियात राहिलेल्या किंवा तिथल्या लोकांबरोबर रोज काम करणाऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल. भाषण शुक्रवारी आहे.