मदत हवी आहे: बॉल पायथन रॅटला तोंड लावत नाही, बटेर देऊ की कोंबडीचं पिल्लू?

नमस्कार मंडळी. नागपुरात किंवा आसपास बॉल पायथन सांभाळणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर उत्तर द्या.

माझा मण्या म्हणजे बॉल पायथन, लहान जातीचा पाळीव अजगर. नर आहे, परदेशी प्राण्यांची नोंद करायच्या सरकारी परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद आहे. लहानपणापासून फक्त पांढरे माऊस (छोट्या जातीचे उंदीर) खात आलाय, गोठवलेले, वितळवून गरम केलेले. ज्यांच्याकडून घेत होते त्यांनी पैदास बंद केली. आता सहज मिळतात ते रॅट (मोठ्या जातीचे उंदीर), आणि रॅट म्हणजे खायची वस्तू आहे हे मण्याला पटतच नाही. दडणातून, म्हणजे लपायच्या जागेतून, बाहेर येतो, जीभ काढून वास घेतो, मान मागे ओढतो आणि परत आत. फ्रीजरमधले उरलेसुरले माऊस मात्र लगेच गिळले. म्हणजे भूक आहे. पण ते आता संपले.

वजन दिवाळीत ७१० ग्रॅम होतं, आज ६८०. गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २६, थर्मोस्टॅट लावलेला आहे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. कात अखंड निघाली. नाकातोंडात फेस नाही, श्वासाला आवाज नाही.

जिवंत रॅट सोडा, असं कृपया सुचवू नका. घाबरलेला रॅट सापाला चावून मोठ्या जखमा करतो, आणि त्या रॅटचेही हाल होतात. घरात पकडलेला उंदीरही नको. गल्लीत सगळीकडे उंदीर मारायचं औषध टाकलेलं असतं, तेच सापाच्या पोटात जाणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले उंदीर आणून देतो असं एक ओळखीचे म्हणाले; त्यांना कोणतं औषध टोचलंय हे कोण सांगणार?

राहिले पक्षी. आईला त्याचीही धास्ती आहे. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, ते ती विसरलेली नाही. मला खरी भीती वेगळी आहे. एकदा पक्ष्यांची चटक लागली तर मण्या उंदराकडे कधीच वळला नाही, असं तर होणार नाही ना? अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी घाबरू नका. ७१० चे ६८० म्हणजे जेमतेम चार टक्के. नर बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्महिने खात नाहीत, मोठा नर असेल तर ते चालूनही जातं. वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर मात्र वाट पाहू नका. एक सांगा, रॅट केवढा देऊन राहिल्या तुम्ही? माऊस पंचवीस ग्रॅमचा असतो. त्याच्यापुढे एकदम ऐंशी ग्रॅमचा रॅट आला तर तो बिचकणारच न!

धागाकर्ती

साठ-सत्तर ग्रॅमचा. दुकानदाराने सापाच्या जाडीवरून निवडून दिला होता.

प्रतिसाद १

जाडीच्या हिशेबाने बरोबर आहे, पण त्याच्या सवयीच्या हिशेबाने नाही. पंचवीस-तीस ग्रॅमचं रॅटचं पिल्लू मागा. पाळीव प्राण्यांच्या एखाद्या दुकानात माऊस ठेवलेले असतील तर त्यांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा मागून बघा. वितळवलेलं पिल्लू त्या भुशासोबत पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी भुसा झटका, पिल्लू दुसऱ्या कोरड्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरा, आणि शेवटी डोक्याकडचा भाग हेअर ड्रायरने शेका. शरीर ३८-४० अंशांपर्यंत आलं पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, कोमट रॅट त्याला नीट 'दिसत' नाही. दिवे मालवून लांब चिमट्याने दडणाच्या तोंडाशी द्या. नाही घेतलं तर आठवडाभर त्याच्याकडे फिरकूच नका. रोज रोज पुढे धरलं की साप आणखी चिडतो.

आणि कुठून पुन्हा माऊस मिळाले तर एका वेळी दोन-तीन द्या. एवढ्या नराला तेही पूर्ण जेवण आहे. रॅट खाल्लाच पाहिजे असा काही नियम नाही.

प्रतिसाद २

पक्ष्यांबद्दल मी लिहिते. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथले लहान आकाराचे नर झाडावर चढतात आणि पक्षी बऱ्यापैकी खातात. त्यामुळे पक्षी त्याच्या स्वभावाबाहेरचा नाही.

दोन्हींत मी बटेर निवडेन. फार्मवरच्या जपानी बटेरचं पन्नासेक ग्रॅमचं पिल्लू चांगलं. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाची हाडं अजून कोवळी असतात, कॅल्शियम कमी पडतं, शीही पातळ आणि भयंकर वासाची होते. अडीअडचणीला ठीक, रोजचं नको. बाजारात रंगवून विकतात ती पिल्लं अजिबात घेऊ नका. कुणी रानातले बटेर आणून देत असेल तर त्याला तिथेच नाही म्हणा, तो गुन्हा आहे.

तुमची भीती मात्र खरी आहे. पक्ष्यांना चटावलेला साप उंदीर नाकारतो, असं होतं. म्हणून आधी भुशाचा उपाय करा. तो फसला तर बटेर द्या, आणि पुढच्या वेळी त्याच बटेरच्या पिसांनी रॅट चोळून द्या. आईंना सांगा की आजारी फार्मचं काही घरात येणार नाही एवढं तुम्ही बघाल. गोठवल्याने विषाणू किंवा साल्मोनेला मरत नाही, तेव्हा हातमोजे वापरा, भांडी वेगळी ठेवा आणि हात साबणाने धुवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उद्याच लहान पिल्लू आणि भुसा आणते. वजन दर रविवारी इथेच लिहीन. सत्तर ग्रॅम उतरले तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवेन. नागपुरात गोठवलेले माऊस नियमित देणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप नक्की करा.