गाठ काढून स्तन राखायचा, की पूर्ण स्तन काढायचा?

कृष्णाकाठची लेक (प्रश्न):
माझ्या आईचे वय 58 असून तिच्या डाव्या स्तनात सुमारे दोन सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ आहे. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढावा, काखेतील गाठी (लसिका ग्रंथी) तपासाव्यात आणि नंतर तीन आठवडे रेडिएशन घ्यावे, असा सर्जनांचा सल्ला आहे. पुण्याच्या मावशीचे मत मात्र असे की, सगळेच काढून टाकले की शेकही (म्हणजे रेडिएशनही) घ्यावा लागणार नाही. स्तन राखल्याने जिवाचा धोका वाढतो का? आणि गाठ पूर्ण निघाली, तर रेडिएशन कशासाठी?

जुना वाचक:
योग्य रुग्ण निवडला आणि रेडिएशन पूर्ण झाले, तर तो धोका वाढत नाही. अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या चाचणीत 1,851 स्त्रियांचा पाठपुरावा झाला आणि वीस वर्षांनंतरही स्तन काढलेल्या व राखलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. इटलीत मिलान येथे सर्जन उंबेर्तो व्हेरोनेसी यांनाही हेच दिसले. मात्र फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे 39 टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला, तर रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या, मागे राहिलेल्या रोगपेशींसाठी रेडिएशन असते. (आजच्या औषधांमुळे दोन्ही आकडे बरेच खाली आले आहेत.) शिवाय काखेतील गाठींत रोग पसरलेला असेल, तर पूर्ण स्तन काढूनही शेक चुकतोच असे नाही, मावशींना हे अवश्य सांगावे.

निशिगंध:
ताई, मी स्वतः पंधरा वेळा रेडिएशन घेतले आहे. आधी सी.टी. स्कॅन करून त्वचेवर खुणा करतात. माझाही डावाच स्तन असल्यामुळे हृदय किरणांपासून दूर राहावे म्हणून दीर्घ श्वास रोखून धरायला शिकवले होते. यंत्राखाली वेळ जातो तो काही मिनिटांचाच, पण सोमवार ते शुक्रवार रोज जावे लागते. शेवटी त्वचा काळवंडली आणि थकवा महिनाभर टिकला. घरच्यांनी नातवाला माझ्याजवळ येऊ दिले नाही, याचे दुःख मात्र अधिक झाले. बाहेरून दिलेले किरण शरीरात उरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

जुना वाचक:
एक राहिले. काढलेल्या भागाच्या कडेला रोगपेशी आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते, याची आईंना आधीच कल्पना द्यावी. छातीला पूर्वी रेडिएशन मिळाले असेल किंवा स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत गाठी असतील, तर स्तन राखण्याचा सल्ला बहुधा दिला जात नाही. आणि रोजचे जाणे खरोखरच जमणार नसेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

कृष्णाकाठची लेक:
मनापासून आभार. आमच्या गावाहून रोज जाणे अवघड आहे. वरील उत्तरे मावशीला वाचून दाखवली. तिने पुष्कळ वाद घातला आणि अखेरीस तीन आठवडे आईला स्वतःकडे ठेवून घेण्याचे मान्य केले.