मदत हवी आहे: बर्बनचं 'ईस्टर्न सावर' घरी पाणचट होतंय

मंडळी, शनिवारी आठ जण बसायला येणार आहेत आणि यावेळी टिकी (पॅसिफिक बेटांच्या थाटाचं) कॉकटेल पाजतो असं मी आधीच बोलून बसलोय. आता पंचाईत झाली आहे.

टिकी म्हटलं की सगळ्यांना रम आठवते, पण मला बर्बनचंच (अमेरिकन व्हिस्कीचंच) हवंय. मागच्या महिन्यात इथे सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या एका बारमध्ये ईस्टर्न सावर प्यायलो. ट्रेडर विकचं, म्हणजे ओकलंडला 'माई ताई' हे रमचं कॉकटेल करणाऱ्या व्हिक्टर बर्जरॉनचं. आधी संत्रं, मग बदाम, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी बर्बनची गोडसर चव. अहाहा!

घरी घेतलेलं माप: बर्बन ६० मिली, संत्र्याचा रस ७५, लिंबाचा रस २२, ऑर्झा (बदामाचं सिरप) ८ आणि साखरेचा पाक ८. मिक्सरमध्ये बर्फ फिरवून त्यावर ओतलं. पहिला घोट आंबट, पाच मिनिटांनी नुसतं पाणी. ऑर्झा घरीच केलं, त्यात बायकोच्या सांगण्यावरून गुलाबपाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन थर! फेकून देऊ का?

प्रतिसाद: फेकू नका. घरच्या ऑर्झात थर होतातच, बाटली हलवून घ्या. पण गुलाबपाण्याने कॉकटेलचा गुलाबजाम होतो. ऑर्झात संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात, मिडल ईस्टर्न दुकानात मिळेल. तेही थेंबांत मोजा. आणि पाहुण्यांपैकी कुणाला बदामाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा.

प्रतिसाद: लिंबू कुठलं वापरलंत? आपण हिरव्यालाही लिंबू म्हणतो नि पिवळ्यालाही. या कॉकटेलला पिवळं, म्हणजे लेमन लागतं. लाइम घातलंत तर चव पार बदलते. संत्र्याचा रस डब्यातला असेल तर तोही बाद. फळं आणा आणि पिळा.

प्रतिसाद: पाणचटपणाचं मूळ तुमच्या मिक्सरमध्ये आहे. त्यात बर्फाचा ओला लगदा होतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला घट्ट बर्फ जाड पंच्यात गुंडाळा आणि बत्त्याने ठोका. (शेजारी कोण राहतं ते पाहून.) सुटलेलं पाणी निथळून टाका. दुसरं म्हणजे, ७५ मिली संत्र्यापुढे ४० टक्क्यांची बर्बन दबते. 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली आणा, ती कायद्यानेच ५० टक्क्यांची असते आणि किमान चार वर्षं मुरलेली.

धागाकर्ता: लाइमच होतं! आणि रस डब्यातला. आता तोंड लपवतो. पण एकाला बदाम चालत नाही असं नुकतंच कळलं. त्याला काय देऊ?

प्रतिसाद: हालेकुलानी द्या. होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्यावरच्या त्याच नावाच्या हॉटेलचं जुनं कॉकटेल. बर्बन ४५ मिली, लेमन, संत्रं आणि अननस यांचे रस प्रत्येकी १५, डेमेरारा (तपकिरी) साखरेचा पाक ८, अर्धा चमचा ग्रेनेडीन (डाळिंबाचं सिरप), अँगोस्टुरा या कडवट अर्काचा एक शिंतोडा. यात बदाम नाही, पण शेकर आणि मापाचा पेला ऑर्झाला लागलेले असतील तर आधी नीट धुवा. ग्रेनेडीन बाटलीतलं घेऊ नका, डाळिंबाच्या रसात तितकीच साखर विरघळवली की झालं. डेमेरारा नसेल तर मी गूळ वापरतो. शुद्धतावाद्यांनी माफ करावं, मला तर जास्त आवडतो.

धागाकर्ता: गूळ घरात आहे! शेवटचं एक: सगळं आधी जगमध्ये (मोठ्या भांड्यात) करून ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद: चालेल, पण रस त्याच दुपारी काढा आणि जगमध्ये बर्फ घालू नका. फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना दोन-दोन पेल्यांपुरतं बर्फासोबत शेक करा. आठही एकदम करायला जाल तर पहिल्याच्या हातातला पेला संपलेला असेल.